सैल पडलेला गळा आणि शस्त्रवैद्यकाचे उपाय

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांच्या स्थानकांबाहेर पूर्वी दातांच्या, डोळ्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांच्या पाट्या असत. आता त्यांच्या शेजारी ‘कॉस्मेटिक सर्जरी’च्या पाट्या लागल्या आहेत, आणि ज्या शस्त्रक्रियेचे नाव एके काळी केवळ चित्रपटसृष्टीच्या संबंधात ऐकू येई, तिची चौकशी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, महापालिकेच्या शाळेतील मुख्याध्यापिका आणि सोसायटीच्या चिटणीसपदाचा कारभार पाहणारी मंडळीही करू लागली आहेत. त्यांच्या तक्रारीचे स्वरूप बहुधा सारखेच असते. प्रकृती ठणठणीत आहे, चेहराही अजून बराच शाबूत आहे; परंतु मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये बाजूने घेतलेले स्वतःचे छायाचित्र पाहिले, आणि हनुवटीपासून छातीपर्यंतची ती लोंबती रेषा आपली आहे हे क्षणभर पटेना.

अशा माणसाला दोन प्रकारचे सल्ले आयते मिळतात. घरची माणसे म्हणतात, ‘आता या वयात कशाला हे सोस?’ आणि जाहिरात म्हणते, ‘अर्ध्या तासात दहा वर्षांनी तरुण व्हा.’ पहिल्या सल्ल्यात माया आहे आणि दुसऱ्यात व्यापार आहे. पण आपल्या गळ्यात नेमके काय घडले आहे, त्यावर कोणते उपाय आहेत, त्या उपायांची किंमत शरीराला कशी द्यावी लागते, हे विचारणाऱ्याला दोघांकडूनही कळत नाही. ते सांगणे हा या प्रकरणाचा हेतू आहे. आमचे मुख्य प्रतिपादन आरंभीच नमूद करतो: गळा सैल दिसतो तो त्वचेमुळे, परंतु सैल होतो तो अनेक थरांमुळे; म्हणून कोणता थर बिघडला आहे याचा निवाडा झाल्याखेरीज कोणतीही शस्त्रक्रिया योग्य ठरत नाही आणि कोणतीही अयोग्यही ठरत नाही.

त्वचेखालचे थर

गळ्याच्या पुढील भागात सर्वांत वर त्वचा असते, आणि तिच्या आतल्या पदरात कोलॅजेनच्या बळकट व इलॅस्टिनच्या लवचिक तंतूंचे जाळे असते. तिच्याखाली मेदाचा एक थर. त्याखाली प्लॅटिस्मा नावाचा अतिशय पातळ व रुंद स्नायुपट, जो छातीच्या वरच्या भागावरील आणि खांद्यावरील आवरणातून निघून गळ्यावरून वर चढतो आणि जबड्याच्या कडेपाशी व ओठांच्या कोपऱ्यांपाशी विसावतो. हा पट उजवा आणि डावा असा दुहेरी असतो. बहुतेक माणसांत हनुवटीखाली दोहोंचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, तर काहींच्या गळ्यात ते मध्यरेषेवर जन्मापासूनच सुटे राहतात. प्लॅटिस्माच्याही खाली मेदाचा आणखी एक साठा, हनुवटीच्या हाडापासून मागे जाणारे डायगॅस्ट्रिक स्नायूचे दोन पट्टे, जबड्याच्या आडोशाला असलेल्या लाळग्रंथी, आणि त्यांच्या खाली जिभेच्या मुळाला आधार देणारे हायॉइड हाड.

वयोमानाने या प्रत्येक थरात फेरफार होतो, परंतु सर्वांत सारख्या गतीने होत नाही. उन्हाने इलॅस्टिनचे तंतू झिजतात. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्त्रियांच्या त्वचेतील कोलॅजेन झपाट्याने घटते. आपल्याकडील सावळ्या वर्णात रंगद्रव्याचे संरक्षण अधिक असल्यामुळे बारीक सुरकुत्या उशिरा येतात, मात्र खालच्या थरांचे ओघळणे त्याने थांबत नाही. प्लॅटिस्माच्या मध्यरेषेकडील कडा सुटून पुढे येतात आणि हनुवटीपासून खाली उतरणारे दोन उभे पट्टे गळ्यावर दिसू लागतात. मेद वाढतो किंवा खाली सरकतो. जबड्याचे हाड स्वतः झिजते, त्यामुळे वरच्या मऊ भागांचा आधारच कमी होतो. ज्यांनी आहारनियमाने, पोटावरच्या शस्त्रक्रियेने अथवा अलीकडच्या इंजेक्शनांनी थोड्या अवधीत पुष्कळ वजन उतरवले, त्यांच्या बाबतीत मेद जातो आणि त्याच्या मापाने ताणलेली त्वचा मागे उरते.

येथे एक व्यवहारातला दाखला पुरेसा आहे. गादीतला कापूस सरकून गोळा झाला असता वरची खोळ कितीही ओढून शिवली तरी गादी सारखी होत नाही. आधी पिंजाऱ्याला बोलवावे लागते. गळ्याच्या शस्त्रक्रियेचा विसाव्या शतकातला सगळा इतिहास हे सत्य उमगण्याचा इतिहास आहे. बर्लिनचे ऑयगेन हॉलँडर यांनी आपण १९०१ साली एका स्त्रीच्या कानाजवळची त्वचा कापून चेहरा वर ओढल्याचे पुढे नमूद करून ठेवले आहे, आणि त्यानंतर सुमारे साठ-सत्तर वर्षे बहुतेक शस्त्रवैद्य कमीअधिक फरकाने तेच करीत राहिले: त्वचा सोडवायची, ताणायची, जादा भाग कापायचा आणि शिवायचे. त्वचेचा धर्मच ताणाखाली सैल होण्याचा असल्यामुळे परिणाम लवकर ओसरे, आणि ताण अधिक दिला तर चेहरा ओढल्यासारखा दिसून व्रणही रुंदावत. स्वीडनचे टॉर्ड स्कूग यांनी १९७४ साली त्वचा आणि प्लॅटिस्मा एकत्र उचलण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली, आणि १९७६ साली फ्रान्सच्या मित्झ व पेरोनी यांनी गालातील स्नायू व आवरण यांच्या त्या सलग थराचे शारीर वर्णन केले, ज्याला आज सर्व जगात ‘स्मास’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात आणि जो गळ्यातल्या प्लॅटिस्माशी अखंड जोडलेला आहे. तेव्हापासून भार खालच्या थराने वाहावा आणि त्वचा वरून ताणाविना पसरावी, हे तत्त्व रूढ झाले.

तपासणीची रीत

चांगल्या शस्त्रवैद्याची ओळख तपासणीत पटते. तो रुग्णाला टेबलावर आडवे न करता खुर्चीत ताठ बसवतो, कारण आडवे होताच लोंबणारी त्वचा मागे जाते आणि दोष दिसेनासा होतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी पेनाने करावयाच्या खुणाही याच कारणाने रुग्ण बसलेला असतानाच केल्या जातात. मग तो हनुवटीखालचा भाग चिमटीत धरतो आणि म्हणतो, ‘काकू, दात घट्ट आवळा आणि खालचा ओठ खाली ओढा.’ असे करताच प्लॅटिस्मा आवळला जातो. आवळलेल्या स्थितीतही चिमटीत मेद पूर्वीइतकाच येत असेल तर तो स्नायूच्या वर आहे. चिमटीतून तो निसटला तर साठा स्नायूच्या खाली आहे, आणि अशा गळ्यात वरून नळी घालून मेद काढण्याने फारसे काही साधणार नाही. उभे पट्टे याच क्षणी स्पष्ट होतात. नंतर बाजूने पाहून हनुवटी मागे आहे काय, जबड्याची कड दिसते काय, हायॉइड हाड कोठे आहे, हे पाहिले जाते. १९८० साली एलेनबोगेन आणि कार्लिन या शस्त्रवैद्यांनी तरुण गळ्याची जी लक्षणे सांगितली, त्यांत जबड्याची ठसठशीत कड, हायॉइडखालचा किंचित खोलगट भाग, कंठमण्याचा उठाव, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरक्या उतरणाऱ्या स्नायूची पुढची कड आणि हनुवटी व गळा यांमधील १०५ ते १२० अंशांचा कोन यांचा समावेश होतो. हायॉइड हाड निसर्गतःच खाली असलेल्या माणसाच्या गळ्यात हा कोन कोणत्याही शस्त्राने पूर्णपणे आणता येत नाही, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी सांगितली तर तिला सल्ला म्हणतात, नंतर सांगितली तर सबब.

तपासणीचा आणखी एक हेतू आहे, आणि आपल्या मुलखात तो विशेष महत्त्वाचा आहे. गळ्यावरची प्रत्येक फुगवटी वयाची किंवा मेदाची नसते. थायरॉइडची गाठ, लाळग्रंथीची सूज, आणि मुंबईत आजही आढळणारी क्षयाची गंडमाळा, या सर्वांची खातरजमा आधी झाली पाहिजे. मानेच्या मागे व बाजूंना मखमलीसारखी जाड, काळपट त्वचा दिसते तिचा संबंध वारंवार इन्शुलिनच्या बिघडलेल्या कार्याशी असतो; ती घासून जात नाही आणि कापूनही जात नाही, तिच्या निमित्ताने रक्तातील साखर मात्र अवश्य तपासावी.

पर्यायांची चढती श्रेणी

सर्वांत लहान उपाय म्हणजे मेद शोषून काढणे, अर्थात लायपोसक्शन. हनुवटीखाली आणि कानांच्या पाळ्यांमागे लहानशी छिद्रे पाडून, सलाइन, भुलीचे औषध व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अ‍ॅड्रेनॅलिन यांचे मिश्रण आत सोडून, बारीक नळीने प्लॅटिस्माच्या वरचा मेद काढला जातो. या मिश्रणाची पद्धत कॅलिफोर्नियाचे जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली आणि त्यामुळे रक्तस्राव फार कमी झाला. ज्याची त्वचा अजून लवचिक आहे आणि दोष केवळ मेदाचा आहे, त्याला हा उपाय उत्तम. परंतु त्वचेची आकुंचनशक्ती गेलेल्या साठीच्या माणसाचा मेद काढला तर त्वचा अधिकच लोंबते, आणि आजवर मेदाने झाकलेले स्नायूचे पट्टे उघडे पडतात. त्वचेखाली मेदाचा पातळ थर राखणे हेही तितकेच आवश्यक आहे; तो खरवडून काढला तर त्वचा स्नायूला चिकटते आणि गळ्याच्या मध्यभागी खळगा पडतो, जो दुरुस्त करणे मूळ दोषापेक्षा अवघड असते. मेद विरघळवणारे डीऑक्सिकोलिक आम्लाचे इंजेक्शन अमेरिकेत २०१५ साली मंजूर झाले. तेही मेदावरच चालते, सैल त्वचेवर नव्हे. धाग्यांनी गळा उचलण्याचे प्रकार अल्पजीवी असून जड गळ्यात निराशा करतात.

दुसरी पायरी प्लॅटिस्माच्या दुरुस्तीची. हनुवटीखालच्या नैसर्गिक घडीजवळ तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन त्वचा स्नायूपासून सुटी केली जाते आणि प्लॅटिस्माच्या सुटलेल्या दोन कडा मध्यरेषेवर एकत्र आणून टाक्यांनी सांधल्या जातात. अमेरिकेचे जोएल फेल्डमन यांनी १९९० साली या सांधणीची जी रीत मांडली, तिच्यात एकाच अखंड धाग्याने हनुवटीपासून खालपर्यंत ओळीने टाके घालत स्नायूचा सारा पडदा घट्ट आवळला जातो. या शस्त्रक्रियेतील एक बाब सामान्य वाचकाला चकित करील. गळ्याचा कोन खोल झाला की हनुवटीपासून छातीपर्यंतचे अंतर पृष्ठभागावरून मोजले असता वाढते, आणि जी त्वचा जादा वाटत होती तिचा बराच भाग त्या वाढलेल्या अंतरावर खर्ची पडतो. म्हणून मध्यम वयाच्या कित्येक रुग्णांत त्वचा अजिबात न कापताही गळा सुबक होतो.

त्वचा खरोखरच फार असेल तर तिसरी पायरी येते, जिला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘नेकलिफ्ट’ म्हणतात. येथे छेद कानाच्या पाळीखालून सुरू होऊन कानामागच्या खाचेतून केसांच्या रेषेपर्यंत जातो. प्लॅटिस्माची बाहेरची कड मागे व वर ओढून कानामागच्या पक्क्या आवरणाला बांधली जाते, आणि मग त्वचा सहज जितकी मागे जाईल तितकीच नेऊन उरलेला भाग काढला जातो. जबड्याच्या कडेवर गालही ओघळलेला असेल तर केवळ गळा उचलण्याने भागत नाही. त्या वेळी कानापुढेही छेद घेऊन स्मासचा थर उचलावा लागतो, आणि ही शस्त्रक्रिया फेसलिफ्ट व नेकलिफ्ट यांची संयुक्त होते. हनुवटी फार मागे असेल तर तिचे हाड पुढे आणण्याने किंवा तेथे कृत्रिम आधार बसवण्याने गळ्याला जो उठाव मिळतो, तो त्वचा कापून मिळत नाही.

स्नायूखालचा मेद, डायगॅस्ट्रिकचे पट्टे आणि लाळग्रंथी यांवरील शस्त्रक्रिया ही चौथी आणि सर्वांत जोखमीची पायरी. खाली उतरलेल्या लाळग्रंथीचा काही भाग काढावा की नाही याविषयी शस्त्रवैद्यांतच मतभेद आहेत, कारण तेथे रक्तस्राव झाला तर तो श्वासमार्गाच्या शेजारी होतो, आणि कापलेल्या ग्रंथीतून लाळ झिरपत राहण्याचाही संभव असतो.

या श्रेणीबाहेरचा एक साधा मार्ग वृद्ध पुरुषांसाठी आहे, त्याची माहिती फार थोड्यांना असते. गळ्याच्या मध्यभागी लोंबणारी त्वचा समोरूनच कापून काढायची, आणि उभा सरळ व्रण पुढे आकसून दोरीसारखा ताठ होऊ नये म्हणून टाके नागमोडी रेषेत घालायचे. क्रोनिन आणि बिग्ज यांनी १९७१ साली या पद्धतीचे वर्णन केले. कानाजवळच्या छेदाने पुरुषाची दाढीची त्वचा मागे सरकते आणि त्याला पुढे कानामागेही दाढी करावी लागते. समोरच्या छेदाने ती अडचण टळते, मोठी भूलही टळते, आणि पंचाहत्तरीच्या ज्या गृहस्थाला केवळ सदऱ्याचे वरचे बटण सुखाने लावता यावे इतकेच हवे आहे, त्याला गळ्यावरचा पुसट व्रण सहसा खटकत नाही.

रक्तपुरवठ्याचा नियम

‘जेंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले होते. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक करून दिले, आणि मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले, असा त्याचा आशय. त्या पत्रामुळेच जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पुण्याच्या त्या कारागिराचे ज्ञान एका नियमावर उभे होते: कपाळाची त्वचा उचलली तरी भुवयांमधला तिचा देठ तोडायचा नाही, कारण त्या देठातून येणाऱ्या रक्तावरच ती जगते. गळ्याच्या शस्त्रक्रियेलाही हाच नियम लागू आहे. स्नायूपासून सुटी केलेली त्वचा आपल्या उरलेल्या जोडांतून येणाऱ्या रक्तावर काही दिवस काढते, आणि कानामागचा तिचा टोकाचा भाग त्या रक्तापासून सर्वांत दूर असतो.

म्हणूनच तंबाखू हा या शस्त्रक्रियेचा पहिला वैरी आहे. निकोटिन सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळते. न्यूयॉर्कचे थॉमस रीस व त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली दाखवून दिले की फेसलिफ्टनंतर त्वचा मृत होण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे बारा पटींनी अधिक असतो. महाराष्ट्रात येथे एक खास सावधगिरी लागते. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला एखादी आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते आणि रोज सकाळी दातांना मशेरी लावते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. शस्त्रक्रियेच्या किमान महिनाभर आधी आणि नंतरही तंबाखूचा प्रत्येक प्रकार बंद असला पाहिजे, आणि हे डॉक्टरांनी नावे घेऊन विचारले पाहिजे: बिडी, सिगारेट, गुटखा, मशेरी, तपकीर.

सर्वांत वारंवार उद्भवणारा मोठा उपद्रव म्हणजे त्वचेखाली रक्त साठणे. तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो आणि दाढीच्या त्वचेत रक्तवाहिन्या अधिक असल्यामुळे पुरुषांत अधिक आढळतो. एका बाजूला अकस्मात वाढलेली वेदना आणि ताठर सूज हे त्याचे लक्षण. त्यावर तत्काळ पुन्हा ऑपरेशन थिएटर हाच उपाय. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी तो आधी आणावा, आणि अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे हृदयाच्या डॉक्टरांच्या अनुमतीवाचून स्वतःच्या मर्जीने बंद करू नयेत. मज्जातंतूंपैकी कानाच्या खालच्या भागाला संवेदना देणारा तंतू सर्वांत अधिक दुखावतो, आणि मग पाळी बधिर राहते. ओठाचा कोपरा खाली ओढणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा जबड्याच्या कडेजवळून जाते, तिला इजा झाली तर हसू वाकडे होते. हे परिणाम बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निवळतात, काही थोड्यांत कायम राहतात. आपल्या वर्णाच्या त्वचेत व्रण जाड वा काळा होण्याची प्रवृत्ती अधिक असते, म्हणून ज्याच्या अंगावर पूर्वीचा व्रण फुगलेला आहे त्याने तो डॉक्टरांना अगोदर दाखवावा.

उपनगरातल्या रहिवाशाने काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली रात्र रुग्णालयात काढावी, किंवा निदान अर्ध्या तासात तेथे पोहोचता येईल अशा घरी; संध्याकाळच्या वेळी पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकलेल्या गाडीत गळ्याची सूज वाढणे हे संकट आहे. टाके साधारणपणे पाच ते दहा दिवसांत निघतात, सूज व काळेनिळेपणा दोन-तीन आठवडे राहतो, आणि तेवढे दिवस गर्दीच्या लोकलने प्रवास करू नये, कारण मान वळवताना बसलेला धक्का टाक्यांवर येतो. गळ्यावर बांधावयाचा पट्टा मुंबईच्या दमट हवेत घामाने भिजतो. मे महिना टाळता आला तर बरे. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि व्रण पिकायला वर्ष.

गरज आणि हौस

कायद्याच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया हौशीची ठरते. आरोग्यविम्याच्या प्रमाणित शर्तींत रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळलेला असतो. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र मान्य असते. वस्तू व सेवा करातून वैद्यकीय सेवेला जी माफी आहे तिच्यातही हाच भेद केलेला आहे. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतील प्लास्टिक सर्जरी विभागांपुढे स्टोव्हच्या भडक्यात भाजून हनुवटी छातीला चिकटलेल्या स्त्रिया येतात, ज्यांच्या गळ्याला त्वचा पुरतच नाही. त्यांना अग्रक्रम मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे.

तथापि ही सीमारेषा वाटते तितकी पक्की नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली इंग्लंडमध्ये शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम सुरू केले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा प्लास्टिक सर्जरी विभागही त्यांनीच उभारला. औषधांनी कुष्ठरोग बरा झालेल्या, कोणालाही संसर्ग देऊ न शकणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्याची त्वचा रोगाने फुगून नंतर ओसरल्यामुळे सैल होऊन सुरकुतलेली असे, भुवया गेलेल्या असत, नाक बसलेले असे, आणि केवळ त्या खुणांमुळे गाव त्यांना परत घेत नसे. अंतियांनी त्यांची नाके उभारली, भुवया रोपल्या, आणि सैल त्वचा फेसलिफ्टच्या तंत्राने उचलली. या कामाचा सविस्तर निबंध १९६३ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. श्रीमंतांच्या सौंदर्यासाठी शोधलेले शस्त्र कोंढव्यात माणसाला त्याच्या घरी परत पाठवण्यासाठी वापरले गेले. निवृत्त मुख्याध्यापिकेचे दुःख त्या रुग्णाच्या दुःखाइतके मोठे नाही, हे उघड आहे. परंतु आपल्या चेहऱ्याने आपल्याविषयी खोटी साक्ष देऊ नये, ही इच्छा दोघांची एकाच जातीची आहे, आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्या इच्छेचा मान राखायचा तर ज्याच्या हाती गळा सोपवायचा त्याची चौकशी निःसंकोच करावी. प्लास्टिक सर्जन होण्यासाठी एमबीबीएसनंतर सामान्य शस्त्रवैद्यकाची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर एमसीएच किंवा तत्सम राष्ट्रीय मंडळाची पदवी असा दीर्घ क्रम आहे. नावापुढच्या अक्षरांची रुजुवात महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीवरून घालता येते. रुग्णालयाची नोंद १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या विभाग कार्यालयात झालेली असते, मग ते अंधेरीचे के-पश्चिम असो, बोरिवलीचे आर-मध्य, घाटकोपरचे एन किंवा मुलुंडचे टी. तो दाखला पाहायला मागण्यात कमीपणा नाही. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असेल काय, हेही विचारावे. आधीचे व नंतरचे छायाचित्र दाखवले तर दोन्हींत हनुवटी सारख्याच उंचीवर आहे ना, हे पाहावे, कारण हनुवटी थोडी उचलली तर कोणाचाही गळा सुधारलेला दिसतो.

शेवटचा प्रश्न असा विचारावा: ‘काहीच केले नाही तर काय बिघडेल?’ आतड्याच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेविषयी या प्रश्नाचे उत्तर भयंकर असू शकते. येथे प्रामाणिक उत्तर एकच आहे, की प्रकृतीचे काहीही बिघडणार नाही. शस्त्रक्रिया केली तरी वय चालतच राहील आणि काही वर्षांनी गळा पुन्हा थोडा सैल होईल. न केली तरी कोणता रोग बळावणार नाही. यातच रुग्णाचे सारे स्वातंत्र्य सामावलेले आहे. या शस्त्रक्रियेला मुदत नाही. म्हणून ‘याच महिन्यात सवलत आहे’ असे सांगणाऱ्या दारातून निर्धास्तपणे माघारी फिरावे, दुसऱ्या शस्त्रवैद्याचे मत घ्यावे, तंबाखू सोडावा, वजन स्थिर करावे, रक्तदाब व साखर आटोक्यात आणावी, आणि वर्षभरानेही इच्छा तितकीच कायम राहिली तर आपला कोणता थर बिघडला आहे हे नीट जाणून मगच होकार द्यावा.